हजेरीचा जाच

मॉरिशसमध्ये 1834 पासून आलेल्या आपल्या करारबद्ध पूर्वजांची मजुरी हजेरीने जखडलेली होती. एक दिवस मळ्यावर न गेल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई! करार संपलेल्यांनाही 1867 च्या कायद्याने छायाचित्राचा परवाना बाळगावा लागे. याविरुद्ध 1871 मध्ये 9,401 जणांनी गव्हर्नराकडे अर्ज केला.

2000 नंतर एबेन येथे, जेथे पूर्वी ऊस डोले, तेथे भारताच्या साहाय्याने संगणक-नगरी उभी राहिली. 2020 च्या महामारीत घरून काम करण्याचे नियमही झाले, आणि कामासाठी ठरावीक जागी जाण्याचे बंधन पुष्कळांचे सुटले. तथापि घरी बसलेल्याचा प्रत्येक क्षण संगणकात नोंदविता येतो; सरदाराची नजर निदान सूर्यास्तानंतर तरी पोहोचत नसे.