रुप्यावरचे सोने

पंचवटीत काळारामाचे दर्शन घेऊन यात्रेकरू गोदावरी ओलांडतो आणि पलीकडच्या तीरावरील सराफ बाजारात शिरतो. तेथील चांदीच्या वस्तूंत एखादी मूर्ती अशी दिसते, की जिचे अंग शुभ्र रुप्याचे, पण मुकुट आणि काठ तेवढे सोनेरी. ‘सोने नव्हे, नुसता मुलामा!’ असे कुणी जाणकार म्हणतो. या ‘नुसता’ शब्दाने आपण एका प्राचीन कलेवर मोठाच अन्याय करतो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

सोने आणि रुपे यांचे नाते नाशिकला नवे नाही. पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील, दानलेख आहे. त्यात एका सुवर्णाला ३५ कार्षापण, या दराने ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात, असा हिशेबच कोरलेला आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, ती सारी रुप्याची. सोने थोरामोठ्यांचे आणि रुपे व्यवहाराचे, हे अंतर इतके जुने आहे. हे अंतर थोडेसे मिटवावे, ही माणसाची आस मुलाम्याच्या मुळाशी आहे.

जुनी रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करीत. रुपे स्वच्छ घासून, जेथे सोने हवे तेथेच तो लावीत आणि दागिना निखाऱ्यावर धरीत. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. रुपे वितळण्यास ९६२ अंश लागतात. म्हणून पारा उडून जाई, दागिना शाबूत राही आणि सोने रुप्याला घट्ट बिलगे. शेवटी अकीकाने घोटून त्याला झळाळी आणीत. तो मुलामा पिढ्यान्‌पिढ्या टिके. टिकत नसे तो कारागीर. पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात भिने, हात कापू लागत, हिरड्या सुजत, बुद्धी भ्रमे. सेंट पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅक महामंदिराचा घुमट एकोणिसाव्या शतकात याच रीतीने सोन्याने मढवला गेला. त्या कामी साठएक कारागीर दगावले, असे सांगतात. देवाच्या घराच्या झळाळीसाठी कुणाचा प्राण गेला, हे आपण कधी विचारतो का?

पाऱ्याला पर्याय दिला तो विजेने. व्होल्टाने १८०० मध्ये आपला विद्युतघट जाहीर केला. पुढे १८०५ मध्ये इटलीतील पाव्हिया येथील ब्रुन्यातेल्ली याने त्याच शक्तीने रुप्याच्या दोन पदकांवर सोने चढवले. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या विद्येचे पेटंट घेतले. दागिन्याचा जो भाग पांढराच राहावा त्यावर लाखेसारखा लेप द्यायचा, उरलेला भाग सोन्याच्या द्रावणात विजेने रंगवायचा आणि लेप काढून टाकायचा, ही आजची रीत. दहा चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉनचा थर देण्यास अवघे १९ मिलिग्रॅम सोने पुरते. मात्र या द्रावणातही सायनाइडचे विष असते. कारागिराच्या जिवाची काळजी येथेही संपलेली नाही.

आणि मुलामा म्हणजे केवळ दिखावा, असे तरी कसे म्हणावे? निर्गम ग्रंथातील कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा होता. तो आतून आणि बाहेरून सोन्याने मढवण्याची आज्ञा होती. आपल्या वेदीवरील चषक रुप्याचा असेल, तर त्याला सोन्याचा थर आतून द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. गंधकाच्या संसर्गाने रुपे काळवंडते, सोने काळवंडत नाही. म्हणून पवित्र द्राक्षारस जेथे टेकतो तेथे सोने. बाकांवर बसलेल्या भाविकांना ते दिसतही नाही.

खोटेपणा मुलाम्यात नसतो. मुलाम्याचे सोने म्हणून विकणाऱ्याच्या जिभेत तो असतो. लेकीच्या लग्नासाठी असा दागिना घेताना संकोच नको. पावतीवर ‘चांदी, सोन्याचा मुलामा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि ज्याच्या हातांनी तो घडला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.