मंडई आणि पथारी

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. डोक्यावरची पाटी उतरवावी, गोणपाट अंथरावे, की झाले दुकान! नगरपालिकेला याहून शिस्तीचा बाजार हवा होता. त्यातून १८८६ साली, अष्टकोनी मध्यभागाची आणि उंच मनोऱ्याची दगडी मंडई उभी राहिली. नाव दिले गव्हर्नर लॉर्ड रे यांचे.

या खर्चाला विरोध करणारे एक सभासद नगरपालिकेतच होते, जोतीराव फुले. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. शाळामास्तर म्हणून मला ते पटते. पण भाजीवालीच्या डोक्यावर छप्पर आले, हेही काही थोडे नाही. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचेच नाव मिळाले. कादंबरीत असे लिहिले असते तर वाचक म्हणाले असते, "मास्तर, हे ओढूनताणून आणलेत!"

असो. गाळे मोजके आणि पोटे अगणित. गाळा न मिळालेल्यांनी बाहेर रस्त्यावर पथारी टाकली. अशांविषयी कायदा फार काळ एकाच भाषेत बोलत होता. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्याचे ३१४वे कलम पाहा : रस्त्यावरचा माल नोटिशीवाचून उचलण्याचा अधिकार आयुक्तांना! चालणाऱ्यालाही वाट हवी, हे खरेच. मंडईच्या गर्दीत हातात पिशवी घेऊन ज्याने धक्के खाल्ले, तो हे नाकारणार नाही. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फेरीवाल्यांना हेच सांगितले. पण त्यांच्यासाठी जागा आखून द्याव्यात, असेही बजावले. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात तर रस्त्यावरचा व्यापार हा राज्यघटनेने दिलेल्या धंद्याच्या स्वातंत्र्यात बसतो, असा निर्वाळा मिळाला. मात्र अमुकच कोपरा माझा, असे कोणाला म्हणता येणार नाही.

इकडे पुण्यात बाबा आढावांनी पथारीवाल्यांची संघटना बांधली होती. २०१४ साली देशासाठी स्वतंत्र कायदा झाला. शहराच्या समितीत निदान ४० टक्के फेरीवाले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. मला त्यातले एक साधे कलम फार आवडते : जप्त केलेला टिकाऊ माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत, आणि नाशवंत माल मागणीच्याच दिवशी परत करावा. संध्याकाळपर्यंत कोथिंबिरीच्या जुडीचे काय होते, हे लिहिणाऱ्याने पाहिलेले असावे. लक्ष्मीपूजनाचा झेंडू दुसऱ्या सकाळी कोण विकत घेणार?