भंगार, कोबाल्ट आणि शेवटची सही

'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण हल्ली बहुतेक माणसांसाठी किंवा जुन्या कल्पनांसाठी वापरतो. मूळचा तो धातूचा. घरातली फुटकी कळशी, गळका बंब, पोचे आलेलं पातेलं मोडीच्या भावात द्यायचं, वर थोडे पैसे घालायचे आणि नवीन भांडं घ्यायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. या व्यवहाराला कायदा लागत नव्हता. देणाऱ्याला माहीत असायचं की हा बंब आहे, घेणाऱ्यालाही दिसायचं की हा बंब आहे. वितळवलं की तांब्याचं तांबंच होणार. वस्तू स्वतःच स्वतःची माहिती सांगत होती.

विसाव्या शतकात हे गणित बिघडलं. बाहेरून नुसती लोखंडाची पेटी दिसते, पण आत काय आहे ते पेटी सांगत नाही, अशा वस्तू भंगारात यायला लागल्या. ट्रान्सफॉर्मर, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, जहाजांच्या टाक्या, दवाखान्यातली यंत्रं. आज भंगाराबद्दल जगात जे कायदे आहेत, त्यांचा इतिहास बघितला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वस्तू पुढे गेली आणि तिची माहिती मागे राहिली, मग कोणीतरी मेलं, मग नियम आला. आजच्या लेखात या मोठ्या विषयातली एकच शाखा घेतो, किरणोत्सारी भंगाराची. कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते.

आपल्या धंद्यातल्या मंडळींसाठी एक उपमा देतो. प्रोग्रॅममध्ये एखाद्या ऑब्जेक्टकडे कोणाचाच रेफरन्स उरला नाही की गार्बेज कलेक्टर येतो आणि ती जागा मोकळी करतो. किती छान! खऱ्या जगात मात्र रेफरन्स संपला म्हणून वस्तू संपत नाही. ती कोपऱ्यात पडून राहते. या क्षेत्रात अशा वस्तूला जगभर रूढ झालेलं नावच आहे, 'अनाथ स्रोत'. मालक नाही, नोंद नाही, पण किरणं चालू.

पहिली मोठी गोष्ट मेक्सिकोतली. स्यूदाद ह्वारेस या शहरातल्या एका हॉस्पिटलने १९७७ साली कॅन्सरवर उपचार करणारं, कोबाल्ट-६० असलेलं एक वापरलेलं यंत्र विकत घेतलं. ते कधी वापरातच आलं नाही, गोदामात पडून राहिलं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने ते खोललं आणि भंगारात विकलं. आतलं कॅप्सूल फुटलेलं होतं. त्यात साधारण ६,००० बारीक गोळ्या होत्या, मिलिमीटरभर आकाराच्या. त्या भंगाराच्या यार्डात पसरल्या, लोखंडाबरोबर भट्टीत गेल्या आणि त्यांच्यासकट इमारतीच्या सळ्या आणि टेबलांचे पाय तयार झाले. हे कळलं कसं? तर १६ जानेवारी १९८४ ला सळ्या घेऊन जाणारा एक ट्रक अमेरिकेत रस्ता चुकला आणि नेमका लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेच्या दारात गेला. तिथल्या यंत्राने अलार्म दिला. ट्रक चुकला नसता तर त्या सळ्या मुकाट्याने स्लॅबमध्ये गेल्या असत्या. बऱ्याच गेल्याही होत्या, आणि मेक्सिकोत शेकडो घरं पाडावी लागली. यानंतर पोलाद कारखान्यांच्या गेटवर किरणोत्सार मोजणारी यंत्रं बसायला सुरुवात झाली. गेटवरच्या तपासणीची पद्धत अशी एका चुकलेल्या वळणातून पुढे आली.

दुसरी गोष्ट ब्राझीलमधल्या गोयानियाची. एका खाजगी उपचार संस्थेने जागा बदलली आणि सीझियम-१३७ असलेलं यंत्र जुन्या, अर्धवट पाडलेल्या इमारतीत सोडून दिलं. यंत्र तिथेच राहिलंय हे परवाना देणाऱ्या खात्याला कळवलंच नाही. १३ सप्टेंबर १९८७ ला दोघा जणांनी ते भंगार म्हणून उचललं, फोडलं आणि यार्डवाल्याला विकलं. रात्री त्यातून निळा उजेड येतोय म्हणून यार्डवाल्याला ते काहीतरी मौल्यवान वाटलं. त्याने नातेवाइकांना, मित्रांना कण वाटले. पंधरा दिवसांत घरातले एकेक जण आजारी पडायला लागले, तेव्हा त्याच्या बायकोच्या लक्षात आलं की हे सगळं त्या वस्तूमुळे होतंय. तिने २८ सप्टेंबरला ती वस्तू पिशवीत घालून, बसने प्रवास करून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात नेली. या प्रकरणात चार जण गेले, त्यात ती स्वतः आणि घरातली सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाख बारा हजारांच्या आसपास लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जण दूषित निघाले.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त लागते ती ही, की ज्या बाईने सगळ्यात आधी योग्य गोष्ट ओळखली तिला एकही कागद, एकही खूण, एकही फोन नंबर मदतीला नव्हता. माहिती होती, पण ती परवान्याच्या फायलीत होती.

तिसरी गोष्ट थायलंडची, समुत प्राकान, २०००. पुन्हा कोबाल्ट, पुन्हा जुनं उपचारयंत्र, पुन्हा भंगाराचं दुकान. तीन मृत्यू. त्या यंत्रावर किरणोत्साराची ती प्रसिद्ध तीन पाकळ्यांची खूण होती. पण ती वाचणार कोण? आपण शाळेत भौतिकशास्त्र शिकलो म्हणून आपल्याला ती खूण वाटते. न शिकलेल्याला तो पंखा वाटू शकतो. यातूनच २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आयएसओ यांनी एक नवीन खूण आणली. लाल त्रिकोण, वर पाकळ्यांतून निघणारी किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ती यंत्राच्या बाहेर नाही, तर आत, स्रोताच्या जवळ लावायची, म्हणजे कोणी खोलायला घेतलं तर त्याच्या डोळ्यांसमोर येईल. युजर इंटरफेस कशाला म्हणतात ते इथे शिकावं. :)

आता स्पेन. १९९८ च्या मे महिन्यात तिथल्या एका स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यात सीझियमचा स्रोत नकळत वितळला. वाफ धुराड्यातून गेली आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीतल्या हवेच्या नमुन्यांमध्ये सापडली. स्पेनने यावर जे केलं ते मला फार आवडलं. १९९९ मध्ये सरकार, अणुसुरक्षा परिषद, पोलाद उद्योग आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून एक स्वेच्छेचा करार केला. गेटवर यंत्र बसवायचं, माणसांना शिकवायचं, आणि काही सापडलं तर कोणाला कळवायचं, ती वस्तू कोण ताब्यात घेणार, हे सगळं आधीच ठरवून ठेवायचं. म्हणजे ज्याला सापडलं तो 'आता हे माझ्या गळ्यात' म्हणून गुपचूप मागच्या दाराने टाकून देणार नाही. धमकीपेक्षा सोय जास्त काम करते, हे त्यांना कळलं होतं.

आता घरी येऊ. ३० सप्टेंबर २००४ ला गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात स्फोट झाला आणि दहा कामगार मेले. परदेशातून आलेल्या भंगारात युद्धातले जिवंत तोफगोळे होते. त्यानंतर केंद्र सरकारने आयातीचे नियम कडक केले. तुकडे न केलेलं भंगार आणायचं तर जहाजावर चढण्याआधी तपासणी करून 'यात स्फोटकं नाहीत, किरणोत्सार नाही' असं प्रमाणपत्र हवं. नियम चांगला, पण त्याचं तोंड बंदराकडे. देशातल्या देशात फिरणाऱ्या भंगाराचं काय?

त्याचं उत्तर दोनदा मिळालं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं आणि ती जोडणाऱ्या कारखान्यातल्या सुमारे २० कामगारांना किरणांचा डोस बसला. बटणांतल्या धातूचा माग काढत काढत तपास आला थेट आपल्या खोपोलीतल्या एका फाउंड्रीपर्यंत! पुण्या-मुंबईच्या मधलं आपलं खोपोली. डोस कमी होता, फार गाजलं नाही.

दुसरं उत्तर २०१० साली दिल्लीत मिळालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं 'गॅमासेल' नावाचं संशोधनाचं यंत्र होतं, साधारण १९७० च्या सुमाराचं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. पंचवीस वर्षं खोलीत पडून होतं. २०१० च्या फेब्रुवारीत इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे कामगारांनी ते फोडलं, शिसं वेगळं केलं, आतल्या चकचकीत कांड्या निघाल्या. एकाने त्यातला तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये हॉस्पिटलने अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं, तेव्हा हे बाहेर आलं. सात जणांवर उपचार झाले, त्यातला एक, पस्तिशीचा कामगार, २६ एप्रिलला गेला.

थोडं गणित करू. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. चाळीस वर्षांत साडेसात वेळा निम्मं होणार, म्हणजे मूळ ताकदीच्या जेमतेम अर्धा टक्का उरलं होतं. त्या अर्ध्या टक्क्याने माणूस मारला. आणि पाकिटाचं गणित याहून भयंकर. छोट्या स्रोताची तीव्रता अंतराच्या वर्गाने कमी होते. मीटरभर अंतरावर जेवढी, त्याच्या १०,००० पट सेंटीमीटरवर. म्हणून या कामातला पहिला धडा कुठलाही सूट-बूट घालण्याचा नाही, लांब सरकण्याचा आहे.

आता मुद्द्याचं. नियम नव्हता का? होता. किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट परवानगीशिवाय लावता येणार नाही, असा नियम १९८७ सालापासून होता. २००४ च्या किरण संरक्षण नियमांत तो आणखी पक्का झाला. नियामक मंडळाने विद्यापीठाला नोटीस दिली, किरणोत्सारी स्रोत वापरायला बंदी घातली, आणि मायापुरीतून गोळा केलेले स्रोत नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात नेले. यूजीसीने विद्यापीठं-कॉलेजांसाठी अशा पदार्थांच्या खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सगळं झालं, पण नंतर.

म्हणजे कायद्यात भोक नव्हतं, स्मरणात होतं. खरेदीच्या वेळी दहा सह्या असतात, कारण तेव्हा पैसे बाहेर जातात. विकायच्या वेळी एक सही असते, आणि ती करणाऱ्याला 'जुनं यंत्र, लोखंडी, १ नग' एवढंच दिसतं. वापरणारी पिढी निवृत्त झालेली. आणि त्या एका सहीची किंमत देतो तो खरेदी-विक्रीत कुठेच नसलेला, रोजंदारीवरचा, हातात छिन्नी-हातोडा असलेला माणूस. त्याला दोष देणं सगळ्यात सोपं. 'भंगारवाल्यांना काही कळत नाही.' अहो, कसं कळणार? ज्याला कळत होतं त्याने सांगितलं नाही.

आणि हे फक्त विद्यापीठांचं आहे असं समजू नका. आपल्या ऑफिसातून दर तीन-चार वर्षांनी काय काय बाहेर जातं आठवा. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या, मॉनिटर, सर्व्हर, एसी. बॅटऱ्यांचे नियम २००१ ला आले, त्यांच्या जागी २०२२ ला नवे आले. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मोठ्या ऑफिसने हा माल नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचा, असं त्यात आहे. पण अॅडमिनमधला माणूस 'जास्त भाव कोण देतो' एवढंच बघतो. जास्त भाव देणारा कुठून देतो? तर उघड्यावर केबल जाळून आणि बॅटरीचं अॅसिड गटारात ओतून जे वाचतं, त्यातून. तो जास्तीचा भाव कुर्ला किंवा मानखुर्दच्या कुठल्यातरी पोराच्या फुफ्फुसातून येतो.

तेव्हा करायच्या गोष्टी साध्या आहेत. यंत्र वापरातून जाईल त्याच दिवशी, माहिती असलेला माणूस जागेवर असताना, आत काय आहे ते लिहून यंत्रावरच चिकटवा, मराठीत आणि हिंदीत. विक्रीच्या कागदावर 'आत काय आहे' हा रकाना ठेवा, आणि तो रिकामा असेल तर सही करू नका. ओळखीच्या भंगारवाल्याला सांगा की आकाराच्या मानाने फार जड असलेला, शिशात गुंडाळलेला किंवा पाकळ्यांची खूण असलेला डबा फोडायचा नाही, खिशात ठेवायचा नाही, लांब उभं राहून पोलिसांना कळवायचं. बंद सिलिंडर, बंद टाकी कापायची नाही. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं. गंमत म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरला, आणि मुंबईतली भंगाराची एक मोठी वस्ती, मानखुर्दचं मंडाला, तिथून हाकेच्या अंतरावर. पण अंतर किलोमीटरमध्ये नसतंच. माहितीला फायलीतून हातोड्यापर्यंत जायचं असतं, आणि तो रस्ता आपल्या टेबलावरून जातो.

असो. फार लांबलं. सोमवारी ऑफिसला गेलात की अॅडमिनवाल्याला एकदा विचारा, मागच्या वेळच्या बॅटऱ्या कोणाला दिल्या.