कपाटांतील चित्रपट

बोईसरच्या वसाहतींतील एखाद्या जुन्या घराचें कपाट उघडावें, म्हणजे वरच्या खणांत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागें, चार-दोन काळ्या व्हिडिओ कॅसेट बहुधा सांपडतात. परवां एका स्नेह्यांच्या घरीं अशीच एक हातीं आली. पाठीवर शाईनें ‘२२ जून १८९७’ एवढेंच लिहिलेलें होतें, आणि आंतील फितीवर पांढरट बुरशी चढली होती. स्नेही ती रद्दींत टाकावयास निघाले होते. त्यांना थांबवितांना जे विचार मनांत आले, ते येथें मांडीत आहें.

चित्रपट जपून ठेवावयाचा असतो, ही जाणीव आपणांस उशिरां झाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. आज त्याचा कांहीं भागच शिल्लक आहे. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटांचीं तर केवळ वर्णनें वाचावयाचीं. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी. आणि खेळ आटोपल्यावर तिच्यांतील चांदी काढून घेण्याकडेच धंद्याचें लक्ष. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. पी. के. नायर यांनीं तेथें जन्मभर खपून पुष्कळ कांहीं वांचविलें. तरीही ८ जानेवारी २००३ रोजीं जुन्या ‘प्रभात’च्या आवारांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि अनेक मूळ फिती भस्म झाल्या.

चित्रपटास निदान एक संग्रहालय तरी मिळालें. दूरदर्शनवरील नाटकांस व मालिकांस तेंही भाग्य लाभलें नाहीं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेव्हां फीत महाग असे. म्हणून एक कार्यक्रम पुसून तिच्यावरच दुसरा घेतला जाई. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेंत दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते. ती मालिका ज्यांनीं पाहिली, ते आजही तिची आठवण काढतात. परंतु तिचे बहुतेक भाग आतां पाहावयास मिळत नाहींत. हा दोष केवळ आपलाच नव्हे. विलायतेंत बी.बी.सी.नेंही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी भाग पुसून टाकले. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकतां येतो, कारण कांहीं प्रेक्षकांनीं घरबसल्या तो आपल्या यंत्रावर टिपून ठेवला होता. संस्थेनें जें टाकलें, तें घरानें राखलें!

येथें बोईसरच्या कपाटाचें महत्त्व ध्यानांत येईल. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ सालीं चालूं झालें, पुढें औद्योगिक वसाहत वाढली, आणि नाना प्रांतांतील शिकलेलीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. मुंबई कांहीं फार दूर नव्हे. परंतु उपनगरी गाडी विरारच्या पुढें डहाणूपर्यंत येऊं लागली ती २०१३ सालीं. संध्याकाळीं दादरला जाऊन एखादा वेगळा चित्रपट पाहावा आणि रात्रीं घरीं परतावें, ही गोष्ट तेव्हां चाकरमान्यास सोपी नव्हती. १९७६ सालीं जपानांत निघालेली व्ही.एच.एस. कॅसेट पुढच्या दशकांत आपल्याकडे पोंचली, आणि जो चित्रपट गांवांत कधीं आलाच नसता, तो दिवाणखान्यांत आला.

‘२२ जून १८९७’ हा त्यांपैकींच एक. नचिकेत व जयू पटवर्धन या वास्तुशास्त्र शिकलेल्या दांपत्यानें तो १९७९ सालीं काढला. राष्ट्रीय एकात्मतेसाठीं त्यास राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. प्लेगच्या दिवसांत सोजिरांनीं पुण्यांतील घरें झडतांना केलेला जुलूम, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, आणि अखेर चापेकर बंधूंस झालेली फांशी, हा त्याचा विषय. अशा विषयावर भडक देशभक्तीचा खेळ उभा करणें सोपें होतें. या चित्रपटाचा गुण असा, कीं तो या तरुणांचें धैर्य दाखवितो आणि त्यांचा कर्मठपणाही झांकीत नाहीं. म्हणूनच तो पुन:पुन्हा पाहावासा वाटतो. तीच गोष्ट सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या चित्रपटाची. तेंडुलकरांच्या नाटकांत बेणारेबाई झालेल्या सुलभा देशपांडे येथेंही तीच भूमिका करतात, आणि रंगभूमीवरून ज्या दूर दिसत, त्यांचा चेहरा येथें अगदीं जवळून पाहावयास मिळतो.

लहान पडद्यावर चित्रपटाची भव्यता उरत नाहीं, रंग फिके पडतात, हा आक्षेप मला मान्य आहे. कॅसेट ही मूळ कृतीची सांवलीच होय. परंतु मूळ कृति जेथें नष्ट झाली अथवा दुर्लभ झाली, तेथें सांवलीसही पुराव्याचें मोल येतें. शिवाय फीत थांबवून एखादें दृश्य पुन्हा पाहतां येतें, हा टीकाकारास मोठाच लाभ आहे.

मात्र ही सांवलीही आतां विरत चालली आहे. खाडीकांठच्या दमट हवेंत चुंबकीय फितीस बुरशी लागते. आणि ती चालविणारीं यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानेंही २०१६ सालीं तें काम थांबविलें. तेव्हां कॅसेट टाकण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें तरी करावें: तींत काय आहे व तें केव्हां उतरून घेतलें, हें कागदावर लिहावें, बुरशी असल्यास ती यंत्रांत न घालतां जाणत्या माणसाकडून स्वच्छ करवून तिची नवी प्रत काढून घ्यावी, आणि जें पाहिलें त्याविषयीं दोन शब्द लिहून ठेवावे. पेंटरांचे मूकपट गेले. पण कोणी लिहून ठेवलें म्हणून ते होते, इतकें तरी आपणांस ठाऊक आहे.

स्नेह्यांची कॅसेट रद्दींत गेली नाहीं. ती आतां मुंबईस एका कारागिराकडे आहे. तिच्यांतून काय निघेल तें निघो.