मधुमेही पायाच्या जखमेवरील प्रगत उपचार
मधुमेहात नसा बधिर झाल्या की चपलेतला खडाही टोचत नाही. तळव्याचा फोड चिघळतो आणि घरच्यांना पत्ता लागतो तो मोज्यावर डाग दिसल्यावर. अशा पायांच्या उपचारांसाठी मुंबईत माहीमचे एस. एल. रहेजा रुग्णालय ओळखले जाते. या विषयातले शल्यविशारद डॉ. अरुण बाळ यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे.

तपासणी साधी असते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात. घोट्याजवळची नाडी आणि रक्तपुरवठाही पाहिला जातो, कारण रक्तच पोहोचत नसेल तर महागडे मलमही वाया जाते.

मृत मांस काढल्यावर जखमेवर स्पंज ठेवून वरून हवाबंद पट्टी लावतात आणि यंत्राने साधारण १२५ मिमी पारा इतका ऋण दाब देतात. स्राव ओढला जातो, नवे मांस भरते. अमेरिकेत १९९७ मध्ये वाढघटक असलेल्या बेकाप्लर्मिन जेलला मंजुरी मिळाली. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचाही आली. दाबयुक्त ऑक्सिजनचा उपयोग निवडक रुग्णांपुरताच.

एवढ्या यंत्रसामग्रीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पायावरचा भार कमी करण्याचा उपाय. तळव्याला घट्ट बसणारे प्लास्टर भार सगळ्या पायावर वाटून देते. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी भारतात वापरलेले हे तंत्र वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी अमेरिकेत नेले. रक्तपुरवठा कमी असेल किंवा जंतुसंसर्ग खोल असेल, तर मात्र ते टाळतात.