जुन्या छायाचित्र-छपाईची रसायने: कोकणच्या दमट हवेत साठवण आणि मिश्रण

सायनोटाइप, गम प्रिंट, कार्बन प्रिंट अशा जुन्या पद्धतींत तयार फोटो-पेपर वापरत नाहीत. साध्या कागदावर प्रकाशसंवेदी द्रावण, म्हणजे सेन्सिटायझर, छापणाऱ्यानेच लावायचे असते. बाटलीवरच्या सूचना बहुधा कोरड्या, थंड हवेचा विचार करून लिहिलेल्या असतात. पेण किंवा रोह्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे त्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर कागद वाया जातो, आणि एका रसायनाच्या बाबतीत तब्येतीलाही धोका पोहोचतो.

ही रसायने इथल्या माणसाला वाटतात तितकी परकी नाहीत. पेण आणि रोहा हे तालुके कुलाबा जिल्ह्यात होते त्या काळात जमीन-मोजणीचे गावनकाशे पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यात छापले जात. मूळ नकाशाचा फोटो घ्यायचा, जिलेटिन आणि बायक्रोमेट लावलेल्या कागदावर त्याची छाप उठवायची, ती तेलकट शाईने जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, अशी ती रीत. इंजिनिअरच्या निळ्या ब्लूप्रिंट म्हणजे सायनोटाइपच. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटरनेही अनेक वर्षे जाळी तयार करताना बायक्रोमेटच वापरले.

सायनोटाइप

ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. दोन द्रावणे वेगवेगळी करायची: १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी डिस्टिल्ड हवे. बॅटरीत घालायचे पाणी चालते. दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या आणि घट्ट बुचाच्या असाव्यात.

यातले सायट्रेट हवेतला ओलावा झटकन ओढते. पावसाळ्यात पुडी एकदा उघडी राहिली तर भुकटीचा चिकट गोळा होतो आणि मग वजन खरे येत नाही. आडात पाणी किती शिरले हे काट्याला कळत नाही! मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो तसे इथे करून भागत नाही. डबाबंद सिलिका जेल ठेवावे आणि ते ओले झाले की तापवून पुन्हा वापरावे. सायट्रेटच्या द्रावणावर बुरशीही येते, कारण सायट्रेट हे बुरशीचे खाद्यच आहे. थोडी बुरशी असेल तर फडक्यातून किंवा फिल्टर पेपरमधून गाळून द्रावण वापरता येते. तरी कोकणात लिटरभर करून ठेवण्यापेक्षा महिनाभर पुरेल इतकेच करणे शहाणपणाचे. फेरिसायनाइडचे द्रावण अंधारात बरेच दिवस टिकते.

दोन्ही द्रावणे समप्रमाणात, लागतील तेवढीच, कागदाला लावायच्या वेळी एकत्र करावीत. साधा पिवळा बल्ब चालतो, ट्यूबलाइट आणि खिडकी टाळावी. लावलेला कागद पिवळट-हिरवा दिसला पाहिजे. छापण्याआधीच तो निळसर पडू लागला तर ओल किंवा उजेड लागला असे समजावे. पावसाळ्यात कागद पंख्याखाली वाळवून त्याच दिवशी वापरावा.

फेरिसायनाइडच्या नावात सायनाइड असले तरी त्यातले सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, त्यामुळे नेहमीच्या हाताळणीत ते फारसे विषारी नाही. पण तीव्र आम्लाने ते सुटून विषारी वायू होऊ शकतो. मोरी साफ करायचे ॲसिड बहुतेक घरांत त्याच मोरीत ठेवलेले असते. ही बाटली तिथे नको.

बायक्रोमेट

गम आणि कार्बन प्रिंटला अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेट लागते. अमोनियम बायक्रोमेट म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत पेटवून ‘ज्वालामुखी’ दाखवतात ती नारिंगी भुकटी. ती स्वतः जळते आणि इतर वस्तूंना पेटायला मदत करते, म्हणून कागद, भुसा, स्पिरिट यांच्याजवळ ठेवू नये. त्यातले सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. कातडीला सतत लागले तर न भरणाऱ्या जखमा होतात. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही.

सर्वांत धोकादायक क्षण भुकटी तोलण्याचा. पंखा बंद, तोंडाला धुळीचा मास्क, हातात नायट्रिल मोजे, आणि हा काटा पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ द्यायचा नाही. द्रावण मात्र स्वच्छ बाटलीत दीर्घकाळ टिकते. डिंकात किंवा जिलेटिनमध्ये मिसळले की घड्याळ सुरू होते: अंधारातही थर आपोआप कडक होत जातो. उष्ण, दमट हवेत हे इतके वेगाने घडते की सकाळी लावलेला कागद संध्याकाळी धुतला तर पांढरी जागाही सुटत नाही. पुस्तकात ‘दुसऱ्या दिवशी वापरा’ लिहिले असले तरी इथे ऐकू नये.

उरलेल्या द्रावणाचे काय? कोकणातल्या घरांत मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूला जाते. त्या अळूची भाजी आपणच खातो, आणि विहीरही लांब नसते. त्यामुळे बायक्रोमेटचा एक थेंबही मोरीत नको. उरलेल्या द्रावणात सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा क जीवनसत्त्वाची भुकटी, मोकळ्या हवेत, थोडीथोडी घातली की नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. क्रोमियम कमी घातक रूपात गेल्याची ती खूण. तरीही ते घातक कचरा म्हणूनच वेगळे, नाव लिहून ठेवावे. रायगडमध्ये असा कचरा हाताळणारे केंद्र तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे, पण ते कारखान्यांच्या टँकरसाठी. घरची अर्धी बाटली तिथे नेणे सोपे नाही. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारणे हा जवळचा मार्ग. तशी सोय नसेल तर घरी बायक्रोमेट आणूच नये. स्क्रीन प्रिंटिंगसाठी आता डायझो आणि फोटोपॉलिमर इमल्शन सहज मिळते, आणि छंदासाठी सायनोटाइपचा निळा रंग पुरेसा सुंदर आहे.

बाटली कोणतीही असो, तिच्यावर नाव, प्रमाण आणि तयार केल्याची तारीख मराठीत लिहावी, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल. सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ही द्रावणे कधीही भरू नयेत. बायक्रोमेट दिसायला संत्र्याच्या सरबतासारखेच असते.