गोविंदाचा थोरला, केशवाचा मुलगा

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन आहे आणि कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. दोन्ही पाट्यांवर भारदस्त आडनावं. पण या दोघांनी कविता लिहिल्या त्या वेगळ्याच नावांनी. राम गणेश गडकरी कवितेत 'गोविंदाग्रज' झाले, प्रल्हाद केशव अत्रे 'केशवकुमार'.

ही चाल रूढ केली 'केशवसुत' या नावाने. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावाला 'सुत' जोडलं आणि आधुनिक मराठी कवितेला तिचा पहिला मोठा टोपणनावधारी मिळाला. गंमत अशी की केशव हे कृष्णाचंच नाव. म्हणजे इथे कृष्णच केशवाचा मुलगा. देवाशी असं नातं जोडायची सवय मराठी कवितेला फार जुनी. ज्ञानदेवांच्या अभंगांतली 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा पंढरीच्या विठ्ठलाला बाप म्हणते, आणि त्यांच्या जन्मदात्याचं नावही विठ्ठलपंतच होतं.

केशवसुत 1905 मध्ये गेले. स्वतःला त्यांचा चेला म्हणवणाऱ्या गडकऱ्यांनी (1885–1919) मात्र वडिलांऐवजी धाकट्या भावाचा आधार घेतला. गोविंदाचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ. वरवर पाहता साधा घरगुती मामला. पण पुराणातल्या गोविंदाचा थोरला भाऊ कोण? बलराम! आणि याच गडकऱ्यांनी विनोदी लेखांखाली सही केली 'बाळकराम'. 'बाळक' जोडल्यामुळे राम लहान मुलगा होतो आणि कानाला बळरामाच्या शेजारी जाऊन बसतो. कोट्या, श्लेष आणि अनुप्रास यांशिवाय ज्यांचं पान हलत नसे, त्यांच्या हे ध्यानात आलं नसेल असं मानणं कठीण आहे. कामाची वाटणीही चोख होती: हळव्या, उदात्त कविता गोविंदाग्रजांकडे, आणि ठकीच्या लग्नासाठी चाललेल्या खटपटीची हकीकत बाळकरामांकडे. गडकरी वारल्यानंतर दोन वर्षांनी, 1921 मध्ये, 'वाग्वैजयंती' हा संग्रह निघाला तो कवीच्या नावाने. विनोदी लेखांचं पुस्तक 'संपूर्ण बाळकराम' झालं. 'एकच प्याला'चा नाटककार तेवढा गडकरी राहिला.

अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत. पण नाव घेताना त्यांनी एक पिढी ओलांडून केशवसुतांचा साचा उचलला. फक्त 'सुत'च्या जागी 'कुमार' आला. वडिलांचं नाव खरोखरच केशव होतं, हे सोयीचंच झालं. पुराणातल्या प्रल्हादाला बाप मिळाला तो हिरण्यकशिपू. सासवडकडच्या या प्रल्हादाला थेट केशवच मिळाला. 1925 मध्ये 'झेंडूची फुले' आली तेव्हा विडंबनाचा मारा होता समकालीन कवींवर, विशेषतः पुण्याच्या रविकिरण मंडळावर. त्या मंडळात माधव त्र्यंबक पटवर्धन होते, ज्यांनी 'माधव ज्यूलियन' असं अर्धं देशी, अर्धं विलायती नाव घेतलं होतं. थोर केशवसुतांच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं नाव धारण करून कवितांची टिंगल करायची, यात अत्र्यांचा खोडकरपणा पुरता उतरला आहे.

या साच्यातलं सर्वात गाजलेलं नाव पुढे आलं ते नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचं. बहीण कुसुम, म्हणून 'कुसुमाग्रज'. अग्रज हा शब्द त्यांच्या आधी गडकऱ्यांनी कवितेत रुजवलेला होता, हे मराठी भाषा दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं.

ठाणे-कल्याणच्या मधल्या डोंबिवलीत मात्र नात्यांची नावं मागे पडली आणि आद्याक्षरांचा जमाना आला. पु. भा. भावे इथलेच, 2017 मध्ये इथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या नगरीला त्यांचंच नाव होतं. शंकर नारायण नवरे (1927–2013) हेही डोंबिवलीकर. आद्याक्षरांतही बाप असतोच, फक्त एका अक्षरापुरता: 'शं. ना.'मधला 'ना' म्हणजे नारायण. पण बोलताना दोन अक्षरं एकमेकांत मिसळली, मधलं टिंब गळालं आणि 'शन्ना' तयार झालं. 'गुंतता हृदय हे' लिहिणाऱ्या नाटककाराला गावात कुणी नवरे म्हणत असेल तर ते पोस्टमनच. शन्नांनी स्वतः या नावाची आणखी एक फोड काढली आणि आपल्या ललित लेखांच्या पुस्तकाला नाव दिलं 'शन्नाडे'. ते मोठ्याने वाचलं की गायक मन्ना डे आठवतात, आणि रविवारची सुट्टीही.